जिवाणूंची पेशी, तिची रचना आणि तिचे उपयोग : सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रारंभी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांना पेशीच्या भागांची नावे पाठ करावी लागतात आणि उपयोगांचे प्रकरण त्यानंतर काही महिन्यांनी येते. त्यामुळे हे दोन वेगळे विषय आहेत असा समज होतो. माझ्या अध्यापनाच्या अनुभवात तो समज सर्वांत अधिक नुकसान करतो. कोणते औषध कोणत्या जिवाणूला मारते, दही का लागते, जिवाणू खताचे पाकीट उन्हात का ठेवू नये, या सर्वांची उत्तरे पेशीच्या रचनेतच आहेत. म्हणून पुढील उत्तरांत या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या आहेत.

सूक्ष्मजीव म्हणजे नेमके कोण?

सूक्ष्मजीव हे एखाद्या कुळाचे नाव नाही. जे जीव नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत त्या सर्वांना मिळून हा शब्द वापरला जातो, आणि म्हणूनच त्यात परस्परांशी फारसे नाते नसलेले गट एकत्र आलेले आहेत. जिवाणू आणि आर्किया (दिसायला जिवाणूंसारखे, पण वेगळ्या गटातले जीव) यांच्या पेशीत केंद्रक नसते. यीस्ट, बुरशी, आदिजीव आणि सूक्ष्म शैवाल यांच्या पेशीत ते असते. विषाणूंना तर पेशीच नसते, तरीही अभ्यासाच्या पद्धती सारख्या असल्यामुळे त्यांचा समावेश याच शास्त्रात होतो.

आकाराची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण पुरेसे आहे. आपल्या आतड्यात राहणारा एशेरिकिया कोलाय हा जिवाणू सुमारे २ मायक्रोमीटर लांब असतो. असे ५०० जिवाणू टोकाला टोक लावून मांडले तर जेमतेम १ मिलिमीटर लांबीची रांग होईल.

हे जीव प्रथम कोणी पाहिले आणि रोगांशी त्यांचा संबंध कसा सिद्ध झाला?

हॉलंडमधील डेल्फ्ट गावचे कापडाचे व्यापारी अँटनी व्हॅन लेव्हेनहूक यांनी स्वतः घासून तयार केलेल्या एका भिंगाच्या सूक्ष्मदर्शकातून पाण्यातील अतिसूक्ष्म जीव पाहिले आणि १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे कळवले. पुढे १६८३ साली त्यांनी दातांवरील किटणात दिसलेल्या जीवांचे वर्णन केले. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे हे जीव केवळ कुतूहलाचा विषय राहिले, कारण एकाच प्रकारचा जिवाणू इतरांपासून वेगळा काढून वाढवण्याची खात्रीची रीत कोणाकडे नव्हती.

ती अडचण दूर करण्यात स्वयंपाकघराचा वाटा होता, आणि ही हकिकत पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकली जाते याचे मला वाईट वाटते. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवण्यासाठी जिलेटिनचा थर वापरत असत. परंतु रोगकारक जिवाणूंना मानवणाऱ्या ३७ अंश सेल्सिअस तापमानाला जिलेटिन वितळते, आणि अनेक जिवाणू ते पचवून त्याचे पाणी करतात. तेथे काम करणाऱ्या वॉल्थर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे घरी जेली घट्ट करण्यासाठी समुद्रशैवालापासून मिळणारे आगर वापरत. तेच प्रयोगशाळेत वापरून पाहावे असे त्यांनी सुचवले. आपल्या बाजारात चायना ग्रास या नावाने मिळतो तोच हा पदार्थ. तो एकदा थिजला की ३७ अंशांना वितळत नाही आणि बहुतेक जिवाणूंना तो पचवताही येत नाही. कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जिवाणू सापडल्याचे जाहीर केले, त्याच काळात आगराचा वापर सुरू झाला. १८८७ साली ज्युलियस पेट्री यांनी झाकणाची उथळ काचेची बशी आणली, आणि आगर भरलेली ती बशी आजही प्रत्येक प्रयोगशाळेत आहे.

जिवाणूची पेशी आपल्या पेशीपेक्षा कशी वेगळी आहे?

मुख्य फरक तीन आहेत, आणि त्यांतील प्रत्येक फरक उपचारासाठी किंवा उद्योगासाठी उपयोगी पडला आहे.

पहिला फरक केंद्रकाचा. जिवाणूचा डीएनए पटलाने वेढलेल्या केंद्रकात बंदिस्त नसून पेशीद्रवातच एका भागात गुंडाळून ठेवलेला असतो. एशेरिकिया कोलायचा डीएनए सरळ केला तर त्याची लांबी सुमारे दीड मिलिमीटर भरते, म्हणजे पेशीच्या लांबीच्या शेकडो पट. या मांडणीत संदेश वाचणे आणि त्यानुसार प्रथिन बनवणे ही दोन्ही कामे एकाच जागी, एकाच वेळी चालतात. जिवाणूंच्या वेगामागील हे एक कारण आहे. अनुकूल परिस्थितीत ही पेशी २० मिनिटांत दुप्पट होते, आणि अन्नाचा तुटवडा पडला नाही तर एका पेशीपासून १० तासांत १०७ कोटींहून अधिक पेशी तयार होतील.

दुसरा फरक रायबोसोमचा. प्रथिने बनवणारे हे कण जिवाणूंत ७० एस प्रकारचे, तर आपल्या पेशीद्रवात ८० एस प्रकारचे असतात (एस हे कणाच्या आकारमानाशी निगडित एकक). स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही औषधे पहिल्या प्रकाराला अडकतात, म्हणून ती जिवाणूचे काम थांबवतात. आपल्या पेशीतील मायटोकाँड्रियाचे (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांचे) रायबोसोम मात्र जिवाणूंच्या रायबोसोमशी मिळतेजुळते असतात, त्यामुळे अशा काही औषधांचे दुष्परिणाम संभवतात.

तिसरा फरक पेशीभित्तिकेचा. तो इतका महत्त्वाचा आहे की त्यास स्वतंत्र प्रश्न द्यावा लागेल.

पेशीभित्तिका कशाची बनलेली असते, आणि ग्रॅम रंजनात जांभळा व गुलाबी असे दोन रंग का दिसतात?

जिवाणूच्या आतील द्रवात क्षार आणि इतर पदार्थ दाटीने असतात, त्यामुळे बाहेरचे पाणी सतत आत शिरू पाहते. त्या दाबाने पेशी फुटू नये म्हणून पेशीपटलाबाहेर पेप्टिडोग्लायकन या पदार्थाची जाळी असते. शर्करेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे जोडणारे अमिनो आम्लांचे छोटे दुवे अशी तिची वीण असते. बाजेला सुंभ जसा आवळून विणलेला असतो तशी ही जाळी ताणलेली आणि घट्ट असते, आणि जिवाणू गोल राहील की दांडीसारखा हे तिच्यावरच ठरते.

डेन्मार्कचे हान्स ख्रिश्चन ग्रॅम बर्लिनमध्ये काम करीत असताना, १८८४ साली, त्यांनी रंगांची एक रीत प्रसिद्ध केली. आज त्या रीतीत काचपट्टीवरील जिवाणूंना क्रमाने क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल आणि सॅफ्रानिन लावतात. पहिल्या दोन द्रावांनी सर्वच पेशी जांभळ्या होतात. खरी परीक्षा अल्कोहोल लावताना होते. ज्यांची पेप्टिडोग्लायकनची जाळी जाड आणि अनेक पदरी असते त्यांची जाळी अल्कोहोलने आक्रसते, रंग आत कोंडला जातो आणि पेशी जांभळीच राहते. हे ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू. ज्यांची जाळी पातळ असते आणि तिच्याबाहेर मेदाचे आणखी एक पटल असते, त्यांचे ते पटल अल्कोहोलमध्ये विरघळते, जांभळा रंग वाहून जातो आणि शेवटच्या सॅफ्रानिनने पेशी गुलाबी दिसते; हे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू.

विद्यार्थ्यांची चूक बहुधा याच पायरीत होते. अल्कोहोल काही सेकंद जास्त राहिले की जांभळ्या पेशीही गुलाबी होतात, आणि संवर्धन (प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू) फार जुने असेल तर भित्तिका जीर्ण झाल्यामुळे तसाच फसवा निकाल मिळतो. म्हणून १८ ते २४ तासांचे ताजे संवर्धन घ्यावे आणि ज्यांचा प्रकार माहीत आहे असे दोन जिवाणू त्याच काचपट्टीवर शेजारी लावावेत.

पेनिसिलिन जिवाणूला मारते, पण आपल्या पेशींना इजा का करीत नाही?

कारण आपल्या पेशींना पेप्टिडोग्लायकनची भित्तिकाच नसते. जाळीतील आडवे दुवे जोडणाऱ्या प्रथिनाला पेनिसिलिन निकामी करते. वाढणारी पेशी नवी जाळी विणू शकत नाही, जुनी जाळी ताण सोसत नाही, आणि पाण्याच्या दाबाने पेशी फुटते. यावरून आणखी एक गोष्ट लक्षात यावी : जो जिवाणू त्या वेळी वाढतच नाही त्याच्यावर या औषधाचा परिणाम फार कमी होतो. आपल्या अश्रूंतील लायसोझाइम हे विकर (एन्झाइम) मात्र तयार जाळीच कापते. डोळे सतत उघडे असूनही त्यांना सहसा संसर्ग होत नाही, यामागील ते एक कारण आहे.

सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. विषाणूंना ना भित्तिका, ना रायबोसोम. त्यामुळे या आजारांत अँटिबायोटिकला धरण्यासारखे काहीच नसते.

सर्व जिवाणू ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह या दोन प्रकारांत बसतात का?

नाही. मायकोप्लाझ्माला भित्तिकाच नसते, म्हणून त्यावर पेनिसिलिन चालत नाही. क्षय आणि कुष्ठरोग यांच्या जिवाणूंच्या भित्तिकेत मायकोलिक आम्लाचा मेणचट थर असतो, त्यात साधे रंग शिरत नाहीत. बेडक्याच्या तपासणीत म्हणूनच झील-नील्सन पद्धतीने, उष्णता देऊन, लाल रंग आत घालावा लागतो. त्याच थरामुळे औषधेही आत हळूहळू पोहोचतात. जिवाणूंची मंद वाढ हे दुसरे कारण. या दोन्हींमुळे क्षयाचे उपचार कित्येक महिने घ्यावे लागतात.

कशाभिका, पिली आणि आवरण यांचे काम काय?

कशाभिका म्हणजे पोहण्याचे साधन. तिच्या बुडाशी पेशीपटलात बसवलेली एक फिरती यंत्रणा असते, आणि पटलातून आत येणाऱ्या हायड्रोजन आयनांच्या प्रवाहावर ती सेकंदाला शंभराहून अधिक फेरे घेते. पिली हे आखूड धागे पृष्ठभागाला चिकटण्यासाठी असतात. मूत्रमार्गाच्या संसर्गात एशेरिकिया कोलाय यांच्याच साहाय्याने टिकून राहतो. काही जिवाणूंभोवती शर्करायुक्त बुळबुळीत आवरण असते आणि त्यामुळे आपल्या पांढऱ्या पेशींना त्यांना गिळणे कठीण जाते. न्यूमोनियाच्या जिवाणूविरुद्धच्या लसी याच आवरणातील शर्करांपासून बनवतात.

दूध किंवा पाणी उकळले की त्यातील सर्व जिवाणू मरतात का?

वाढत्या अवस्थेतील रोगजिवाणू मरतात, परंतु बीजाणू टिकू शकतात. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम या गटांतील जिवाणू अन्न संपू लागले की पेशीच्या आत अंतर्बीजाणू तयार करतात. त्याच्या गाभ्यातील पाणी कमी होते, डिपिकोलिनिक आम्ल आणि कॅल्शियम यांमुळे डीएनए स्थिर राहतो, आणि बाहेर प्रथिनांची अनेक पदरी कवचे चढतात. अशा स्थितीत तो खात नाही, वाढत नाही, पण वर्षानुवर्षे टिकतो. धनुर्वाताचा जिवाणू मातीत अशाच रूपात असतो, म्हणून शेतात खिळा किंवा काटा खोल रुतला तर धनुर्वाताच्या लशीविषयी डॉक्टरांना विचारावे.

बीजाणू मारण्यासाठी १०० अंश तापमान पुरत नाही. प्रयोगशाळेतील ऑटोक्लेव्हमध्ये दर चौरस इंचाला १५ पौंड वाढीव दाबाखाली वाफेचे तापमान १२१ अंशांवर नेऊन ते किमान १५ मिनिटे राखतात. आपल्या घरच्या प्रेशर कुकरचे तत्त्व तेच आहे. शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर ठेवल्यास पोट बिघडते, त्यामागेही बॅसिलस सिरियसचे बीजाणू असू शकतात. ते शिजण्यातून वाचतात, भात कोमट झाला की रुजतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही नष्ट होईलच असे नाही. उरलेला भात लवकर थंड करून फ्रिजमध्ये ठेवणे हाच उपाय होय.

प्लाझ्मिड म्हणजे काय, आणि एकाच गोष्टीची स्तुती व धास्ती दोन्ही का ऐकू येते?

मुख्य डीएनएखेरीज अनेक जिवाणूंमध्ये डीएनएची लहान वर्तुळे असतात, त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. ती स्वतंत्रपणे दुप्पट होतात आणि एका पेशीतून दुसरीत जाऊ शकतात. या गुणामुळे शास्त्रज्ञांनी त्यांचा वाहन म्हणून उपयोग केला. १९७८ साली मानवी इन्शुलिनचे जनुक प्लाझ्मिडमार्फत एशेरिकिया कोलायमध्ये घालून प्रयोगशाळेत इन्शुलिन बनवण्यात आले आणि १९८२ साली त्याला अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. तोपर्यंत मधुमेही रुग्ण डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्शुलिनवर अवलंबून होते.

धास्तीचे कारण तोच गुण आहे. अँटिबायोटिकला निकामी करणारी जनुके बहुधा प्लाझ्मिडवर असतात आणि ती एका जातीच्या जिवाणूतून दुसऱ्या जातीतही जातात. डॉक्टरांच्या सल्ल्याविना, जुन्या चिठ्ठीवर, दुकानातून गोळ्या आणून घेणे म्हणजे अशा जिवाणूंना वाढायला मोकळे रान देणे होय. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो आणि त्यांनी ते घरी सांगावे असा आग्रह धरतो.

दूध विरजताना ते कोमटच का लागते?

विरजणात लॅक्टोबॅसिलस, स्ट्रेप्टोकॉकस आणि लॅक्टोकॉकस या गटांतील जिवाणू असतात आणि ते बीजाणू बनवीत नाहीत. कढत दुधात विरजण घातले तर ते मरतात; गार दुधात ते जगतात पण त्यांचे काम रेंगाळते. कोमट दुधात ते दुग्धशर्करेचे लॅक्टिक आम्ल करतात. दुधाचा सामू ६.६ च्या आसपास असतो, तो उतरत ४.६ जवळ आला की केसिन या प्रथिनाचे कण परस्परांना धरतात आणि दही लागते. थंडीत पातेले कणगीत किंवा पिठाच्या डब्यात ठेवण्याची घरोघरची रीत हे तापमान टिकवण्यासाठीच आहे.

इडलीच्या पिठात ल्युकोनोस्टॉक आम्लासोबत कार्बन डायऑक्साइडही सोडतो, म्हणून पीठ फुगते. गोव्यात पूर्वी पोई या पावाचे पीठ माडाच्या सुरेने फुगवीत. त्यात काम करते ते यीस्ट. सूर तशीच राहिली तर असेटोबॅक्टर जिवाणू हवेच्या मदतीने तिच्यातील अल्कोहोलचे असेटिक आम्ल करतात आणि तिचा शिरका होतो.

शेतात जिवाणू खत वापरताना इतकी पथ्ये का सांगितली जातात?

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याच्या अणूंची जोडी इतकी पक्की असते की पिकाला तो तसाच घेता येत नाही. ऱ्हायझोबियम गटातील जिवाणू तूर, हरभरा, भुईमूग, सोयाबीन यांच्या मुळांवरील गाठींत राहून तो अमोनियाच्या रूपात आणतात आणि बदल्यात पिकाकडून शर्करा घेतात. हे काम करणारे नायट्रोजिनेज विकर प्राणवायूने बिघडते. म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन हे गुलाबी द्रव्य असते, जे प्राणवायूचे प्रमाण आवरून धरते. पेरणीनंतर साधारण ४० दिवसांनी एखादे रोप हळुवार उपटून गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

पथ्यांचे कारण पेशीच्या रचनेत आहे. ऱ्हायझोबियम बीजाणू बनवीत नाही, त्यामुळे ऊन, कोरडेपणा आणि रसायन यांपैकी काहीही त्याला सोसत नाही. म्हणून बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया आधी करावी आणि जिवाणू संवर्धन शेवटी लावावे. साधारण १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धन गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून चोळावे, बियाणे सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. पिकाप्रमाणे जिवाणूची जात वेगळी असते, तेव्हा सोयाबीनचे पाकीट हरभऱ्याला वापरू नये. याउलट बॅसिलस गटातील संवर्धने बीजाणूंच्या रूपात असल्यास अधिक काळ टिकतात. बॅसिलस थुरिंजिएन्सिस बीजाणू बनवताना सोबत अळ्यांना मारक असे प्रथिनाचे स्फटिक तयार करतो. त्याच प्रथिनाचे जनुक घातलेल्या बीटी कापसाला भारतात २००२ साली परवानगी मिळाली.

या शास्त्राचा महाराष्ट्राशी काही विशेष संबंध आहे का?

आहे, आणि तो विद्यार्थ्यांना माहीत असावा. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ पसरली तेव्हा जिवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लशीचे काम सुरू केले. मांसाच्या रश्शावर तूप किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले की प्लेगचा जिवाणू त्यांना धरून खाली लोंबत्या झुंबरांसारखा भरघोस वाढतो, हे त्यांनी हेरले. ते संवर्धन उष्णतेने मारून केलेली लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

पुण्याजवळ पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथील शास्त्रज्ञांनी मातीतून वेगळ्या केलेल्या स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळाले. त्या जिवाणूच्या नावातच पिंपरी आहे.

लोणार सरोवराचे पाणी २०२० साली गुलाबी का झाले?

लोणारचे पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी असून त्याचा सामू १० च्या आसपास असतो. जून २०२० मध्ये पाणी आटून क्षार वाढले, तेव्हा क्षारप्रिय आर्किया मोठ्या प्रमाणात वाढले आणि त्यांच्या पेशीतील गुलाबी रंगद्रव्याने पाणी रंगले, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. आर्किया दिसायला जिवाणूंसारखे असले तरी त्यांच्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन नसते आणि पटलातील मेदही वेगळे असतात. कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली रायबोसोममधील आरएनएची तुलना करून हा गट वेगळा असल्याचे दाखवले. गोबर गॅस संयंत्रात शेवटी मिथेन बनवणारे जीवही आर्कियाच आहेत. प्राणवायू त्यांना विषासमान असल्यामुळे ते संयंत्र हवाबंद ठेवावे लागते.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिला नमुना कोणता पाहावा?

ताज्या दह्याच्या निवळीचा. तो निर्धोक आहे आणि त्यात दांडीसारखे व साखळीत मांडलेले गोल, असे दोन्ही आकार एकत्र दिसतात. निवळीचा थेंब पाण्यात पातळ करून काचपट्टीवर अगदी पातळ पसरावा, हवेत सुकू द्यावा, ज्योतीवरून दोनतीनदा झटकन फिरवावा आणि ग्रॅम रंजन करावे. मेदामुळे पार्श्वभूमी मळकट दिसत असेल तर थेंब आणखी पातळ करून पुन्हा पाहावा. सोबत दुसऱ्या काचपट्टीवर स्वतःच्या दातांवरील किटण टूथपिकने घेऊन पसरावे. त्यात जांभळे आणि गुलाबी असे दोन्ही प्रकार सापडतील. हवा, माती किंवा हात यांवरील जिवाणू आगराच्या बशीत घरी वाढवू नयेत. एकेका पेशीची कोट्यवधी झाली की त्यांत रोगकारक कोणता हे ओळखता येत नाही. ते काम शिक्षकांच्या देखरेखीखाली करावे, बशी चिकटपट्टीने बंद केल्यावर पुन्हा उघडू नये आणि टाकण्यापूर्वी ती ऑटोक्लेव्हमधून काढावी.